मत्स्यपारध, कृत्रिम माशीची

पिसे, लोकर, केस, रेशीम यांसारखी हलकी द्रव्ये गळाच्या आकड्यावर बांधून तयार केलेल्या कीटकाच्या प्रतिकृतीने मासा पकडण्याची एक क्रीडापद्धती. इंग्रजीत तिला फ्लाय फिशिंग असे म्हणतात. ‘फ्लाय’ या शब्दाने येथे केवळ माशी अभिप्रेत नसून पाण्यात किंवा पाण्याच्या पृष्ठभागावर आढळणारा व माशाचे खाद्य असलेला कोणताही लहान कीटक अभिप्रेत असतो. थंड पाण्यातील ट्राउट या माशाच्या संदर्भात ही पद्धती यूरोपात विकसित झाली. उन्हाळ्याच्या प्रारंभी मे-माशी या कीटकाचे थवे नदीतून बाहेर पडतात, तो काळ तिचा ऐन हंगाम समजला जातो. महाराष्ट्रातील नद्यांत ट्राउट नाही. तथापि मे-माश्या आहेत, पृष्ठभागावरील कीटक खाणारे मासे आहेत आणि पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, कामशेत–लोणावळा परिसरात, महसीर या क्रीडामत्स्याच्या संवर्धनाचा एक महत्त्वाचा प्रयोगही झाला आहे. त्यामुळे ही पद्धती कशावर आधारलेली आहे आणि एका नदीवरून दुसऱ्या नदीवर नेताना तिच्यातील काय टिकते व काय टिकत नाही, हे समजून घेण्यास हा परिसर उपयोगी पडतो.

तत्त्व : नेहमीच्या गळात आमिषाला किंवा शिशाच्या गोळीला वजन असते, ते वजन पुढे फेकले जाते व बारीक दोरी त्याच्यामागून ओढली जाते. कृत्रिम माशी इतकी हलकी असते की, ती अशा रीतीने फेकताच येत नाही. म्हणून या पद्धतीत दोरीच जाड व वजनदार केलेली असते आणि लवचिक काठीच्या साहाय्याने ती दोरी हवेत पुढेमागे खेळवून पाण्यावर सोडली जाते. माशी दोरीच्या टोकाबरोबर जाते व शक्य तितक्या हळुवारपणे पाण्यावर उतरते. माशाला वास किंवा चव यांनी भुलविण्याचा प्रश्न येथे नसतो. तो फसतो तो केवळ आकार, आकारमान, रंग व हालचाल यांनी. त्या वेळी मासा कोणता कीटक खात आहे हे न ओळखता टाकलेली माशी बहुधा वाया जाते; म्हणून या पारधीत हातांच्या कौशल्याइतकेच निरीक्षणालाही महत्त्व आहे.

इतिहास : या पद्धतीचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख रोमन लेखक क्लॉडियस ईलियन यांच्या प्राणिविषयक ग्रंथात (इ. स. सु. २००) आढळतो. मॅसिडोनियातील ॲस्ट्रीअस नदीवरील लोक आकड्याभोवती तांबडी लोकर गुंडाळून व तिच्यावर कोंबड्याची दोन पिसे बसवून ठिपकेदार मासे पकडीत, असे त्यांनी लिहिले आहे. खरा कीटक हाती धरला की, त्याचे रंगरूप बिघडते व मासा त्याला तोंड लावीत नाही, म्हणून ही युक्ती योजली गेली, असा खुलासाही त्यांनी केला आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापल्या गेलेल्या गळविषयक एका प्रबंधात १२ कृत्रिम माश्यांचे वर्णन महिनावार दिलेले आहे. म्हणजे ठराविक कीटक ठराविक काळीच निघतो, हे ज्ञान तेव्हाही प्रचलित होते. आयझाक वॉल्टन यांच्या १६५३ मधील प्रसिद्ध ग्रंथाला चार्ल्स कॉटन यांनी १६७६ मध्ये कृत्रिम माशीविषयीचा स्वतंत्र भाग जोडला. ॲल्फ्रेड रोनाल्ड्स यांनी १८३६ मध्ये पारध्यांसाठी जलकीटकांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले व या छंदाला कीटकविज्ञानाचा आधार दिला. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ मध्ये तरंगत्या, म्हणजे ‘कोरड्या’ माशीचा पुरस्कार केला, तर जी. ई. एम्. स्क्यूझ यांनी १९१० मध्ये पाण्याखालील अर्भकावस्थेतील कीटकाच्या प्रतिकृतीचे महत्त्व दाखवून दिले. या दोन मतांच्या पुरस्कर्त्यांत दीर्घकाळ वाद चालला. परंतु मासा दोन्ही ठिकाणी खातो व कोठे खात आहे हे पाहून माशी निवडावी, असाच त्याचा व्यावहारिक निष्कर्ष निघाला.

मे-माशीचे जीवनचक्र : मे-माश्यांचा समावेश कीटक वर्गाच्या एफेमेरॉप्टेरा गणात होतो. या गणाच्या ३,००० हून अधिक जाती ज्ञात असून त्यांचे जीवाश्म कार्‌बॉनिफेरस कल्पापर्यंत मागे जातात. नावाप्रमाणे ही माशी नव्हे. घरमाशीशी तिचा जवळचा संबंध नाही. मादी पाण्यात अंडी घालते. त्यांतून बाहेर पडणारी अर्भके दगडांच्या खालच्या बाजूस, वाळूत, गाळात किंवा पाणवनस्पतींवर राहतात व बहुधा शैवले आणि कुजणारा पाला खातात. त्यांच्या उदराच्या दोन्ही बाजूंस पानांसारखे किंवा झुपक्यांसारखे कल्ले असतात व शेवटी बहुधा तीन, काही जातींत दोन, लांब तंतू असतात. जाती व तापमान यांनुसार ही अवस्था काही आठवड्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत टिकते.

वाढ पूर्ण झालेले अर्भक पाण्याच्या पृष्ठभागाकडे येते, त्याची कात पाठीवर उकलते व पंख असलेला मळकट रंगाचा उपप्रौढ कीटक बाहेर पडतो. पंख वाळून उडता येईपर्यंत तो काही क्षण प्रवाहाबरोबर वाहत राहतो. काठच्या झुडपावर बसून तो पुन्हा एकदा कात टाकतो. पंख आल्यावर कात टाकणारा हा एकमेव कीटकगण होय. यानंतरचा चकचकीत, पारदर्शक पंखांचा प्रौढ काहीही खात नाही, कारण त्याची मुखांगे निकामी झालेली असतात. नरांचे थवे पाण्यावर किंवा काठावर वरखाली नाचल्यासारखे उडतात, माद्या त्यांत शिरतात, मीलन होते, अंडी पाण्यावर सोडली जातात आणि बहुतेक कीटक काही तासांत किंवा एकदोन दिवसांत मरून पाण्यावर पडतात. गणाचे शास्त्रीय नावही ‘अल्पजीवी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले आहे.

समशीतोष्ण प्रदेशात एका जातीची असंख्य अर्भके पाण्याचे तापमान व दिवसाची लांबी अनुकूल होताच थोड्या दिवसांत एकदम बाहेर पडतात. दक्षिण इंग्लंडमधील टेस्ट, इचिन या चुनखडीच्या प्रदेशातील नद्यांवर मोठ्या मे-माशीचा (एफेमेरा डॅनिका) हा उद्‌गम मेच्या मध्यापासून जूनच्या प्रारंभापर्यंत होतो. हंगेरीतील टिसा नदीवर जून महिन्यात पॅलिंजेनिया लाँगिकॉडा या जातीचे थवे निघतात व लोक त्याला नदीला आलेला बहर म्हणतात.

ट्राउट व त्याचा आहार : ट्राउट वाहत्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून एका जागी स्थिर राहतो आणि पाण्याबरोबर आलेले खाद्य उचलतो. एरवी सावध असणारा हा मासा मे-माश्यांच्या उद्‌गमकाळात पृष्ठभागाशी येऊन एकामागून एक कीटक टिपत राहतो. इतका की, त्या वेळी तो समोर आलेला अन्य कीटक बहुधा घेत नाही. ऊर्जेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण एकाच प्रकारचे विपुल भक्ष्य ओळखणे व गिळणे यास कमी श्रम पडतात. पारध्याला याच सवयीचा लाभ मिळतो व तिच्याचमुळे तो फसतोही. पाण्यावर फक्त वर्तुळ उठून बुडबुडा राहिला, तर माशाने पृष्ठभागावरील कीटक घेतला असे समजतात. पाठ किंवा शेपटी दिसली व बुडबुडा नसला, तर तो पृष्ठभागाखाली वर येणारी अर्भके खात असतो. संध्याकाळी पंख पसरून मेलेले प्रौढ वाहत येतात तेव्हा तो अगदी संथपणे त्यांना शोषून घेतो. याप्रमाणे एकाच दिवसात एकाच जातीच्या तीन अवस्थांसाठी तीन वेगळ्या प्रतिकृती लागतात.

माशाला बाहेरचे जग पाण्याच्या पृष्ठभागावरील एका वर्तुळाकार खिडकीतून दिसते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे या खिडकीचा कोन सु. ९७° असतो, तिच्याबाहेरचा पृष्ठभाग माशाला आरशासारखा दिसतो. म्हणून पारधी खाली वाकून व माशाच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूने येतो.

साधने : काठी पूर्वी लाकडाची व पुढे चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली असे, दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या व १९७० नंतरच्या दशकात कार्बन तंतूंच्या काठ्या प्रचारात आल्या. ट्राउटसाठी साधारण २.४ ते २.७ मी. लांबीची काठी वापरतात. दोरी आरंभी घोड्याच्या केसांची, नंतर तेल दिलेल्या रेशमाची असे. आता ती प्लॅस्टिकचा थर दिलेली असून तिच्या वजनानुसार तिला क्रमांक देतात. ट्राउटसाठी ४ ते ६, तर महसीरसारख्या जोरकस माशासाठी ७ ते ९ क्रमांकाची दोरी योग्य ठरते. दोरीच्या टोकाला निमुळता होत जाणारा नायलॉनचा पारदर्शक धागा जोडतात व त्याला माशी बांधतात. जाड दोरी माशाच्या नजरेपासून दूर ठेवणे हे या धाग्याचे काम. रिळाचे मुख्य काम दोरी साठविणे व मासा धावू लागल्यास त्याला आवर घालणे एवढेच असते.

कृत्रिम माशी बांधणे ही स्वतंत्र कला आहे. आकडा शेगड्यात धरून त्यावर रेशमी धाग्याने शरीर, पंख व पाय यांचे भाग क्रमाने बांधतात. कोंबड्याच्या मानेवरील ताठ व चकचकीत पिसे आकड्याभोवती गुंडाळली की, त्यांचे तंतू पायांसारखे बाहेर येतात आणि माशी पाण्यावर तरंगते. बुडणाऱ्या माशीसाठी मऊ पिसे, ओली होणारी लोकर व बारीक तार वापरतात. प्रतिकृती हुबेहूब असण्यापेक्षा तिचे आकारमान व पाण्यातील बसण्याची ढब बरोबर असणे अधिक महत्त्वाचे असते.

पद्धती : काठी मागे नेऊन दोरी पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत क्षणभर थांबावे लागते व मगच पुढची फेक करावी लागते, हा विराम चुकला तर दोरी गुंतते किंवा पाण्यावर आपटते. माशी माशाच्या थोडी पुढे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला उतरवून ती सुट्या कीटकासारखी वाहू द्यावी लागते. नदीच्या निरनिराळ्या भागांतील प्रवाहाचा वेग सारखा नसल्याने दोरी माशीला ओढू लागते व माशीमागे पाण्यावर रेघ उमटते. खरा कीटक अशी रेघ ओढीत नाही. त्यामुळे मासा लगेच दूर होतो. हा ओढ टाळण्यासाठी दोरी सैल टाकतात किंवा पाण्यावर पडल्यानंतर ती उचलून वरच्या बाजूस वळवितात.

पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याचा प्रघात विसाव्या शतकात वाढत गेला. त्यासाठी बिनकाट्याचा आकडा वापरणे, मासा ओल्या हातांनी धरणे व तो शक्यतो पाण्याबाहेर न काढणे हे नियम पाळले जातात. पाणी उबदार असताना मात्र दमलेला मासा सोडला तरी जगेलच असे नाही. समुद्रसपाटीच्या हवादाबाखाली १०° से. तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सु. ११.३ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो, २०° से.ला हे प्रमाण सु. ९.१ मिग्रॅ. व ३०° से.ला सु. ७.६ मिग्रॅ. इतके उतरते. त्याच वेळी माशाची ऑक्सिजनाची गरज वाढलेली असते. त्यामुळे पाणी २०° से.च्या आसपास गेले की, ट्राउटची पारध थांबविणे इष्ट समजतात.

भारतातील ट्राउट : ट्राउट हा भारताचा मूळचा मासा नव्हे. निलगिरीत तो आणण्याचा प्रयत्न फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्ये केला, पण तो फसला. तेथे इंद्रधनुषी ट्राउट स्थिर झाला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर एच्. सी. विल्सन यांच्या प्रयत्नांनी. काश्मीरमध्ये एफ्. जे. मिचेल यांच्या पुढाकाराने तपकिरी ट्राउटची अंडी मागविण्यात आली. १८९९ मधील पहिली खेप वाटेत नष्ट झाली व १९०० मधील दुसरी यशस्वी ठरली. पुढे हारवान येथे उबवणी केंद्र उभे राहिले. कुलू खोऱ्यात १९०९ मध्ये ट्राउट सोडण्यात आला. केरळातील मुन्नारच्या पठारावरही इंद्रधनुषी ट्राउट आहे. या सर्व ठिकाणी पाणी वर्षभर थंड व वाहते असते. तपकिरी ट्राउट साधारण १२° ते १७° से. तापमानात चांगला वाढतो व २५° से.च्या जवळपास तग धरू शकत नाही. सह्याद्रीच्या महाराष्ट्रातील भागात पाऊस विपुल असला, तरी उन्हाळ्यात ओढे आटतात व डोहांतील पाणी तापते. एप्रिल-मे महिन्यांत मावळात दुपारच्या हवेचे तापमान ३५° से.च्या वर जाते. पाण्याचे हे गणित न जुळल्याने येथील नद्या ट्राउटला अयोग्य ठरतात.

कामशेत परिसर : कामशेत हे मुंबई–पुणे लोहमार्गावरील स्थानक लोणावळ्याच्या पूर्वेस सु. १६ किमी.वर, इंद्रायणी नदीच्या काठी वसले आहे. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे गावाच्या परिसरात उगम पावते आणि कामशेत, देहू, आळंदी यांवरून जाऊन तुळापूर येथे भीमेस मिळते. खोऱ्याच्या पश्चिम टोकाला, लोणावळ्यास, वर्षाला ४,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो व पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होत जातो. जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडत असल्याने नदीची वर्षभरात तीन रूपे दिसतात : पावसाळ्यातील गढूळ पूर, हिवाळ्यातील नितळ प्रवाह आणि उन्हाळ्यातील एकमेकांपासून तुटत जाणारे डोह.

नदीच्या वरच्या भागातील प्रवाहात माणसानेही मोठा बदल केलेला आहे. खोपोलीचे जलविद्युत्‌ केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्यासाठी लोणावळा व वलवण येथे अडविलेले पाणी घाटाखाली सोडले जाते व ते पाताळगंगेला मिळते. इंद्रायणीची उपनदी आंद्रा हिच्यावरील ठोकरवाडी धरणाचे पाणी १९२२ पासून भिवपुरीच्या केंद्राकडे वळविले जाते. पूर्वेला वाहणाऱ्या पाण्याचा एक हिस्सा अशा रीतीने पश्चिमेकडे जातो.

या खोऱ्यातील मत्स्यविज्ञानाचा पाया विल्यम हेन्री साइक्स यांनी घातला. मुंबई सरकारचे सांख्यिकी निवेदक म्हणून दख्खनमध्ये काम करताना त्यांनी येथील मासे गोळा केले व १८३९ मध्ये त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांनी अनेक जातींना मराठी नावांवरूनच शास्त्रीय नावे दिली. अल्कूटी, फुलुंगी, कोलुस, खुद्री ही जातिनामे त्याची साक्ष होत. यांपैकी खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर (टॉर खुद्री). मोठे खवले, जाडसर ओठ व मिशांच्या दोन जोड्या असलेला हा मासा १० किग्रॅ.हून अधिक वजनाचा होऊ शकतो. तो सर्वभक्षी असून शैवले, पाण्यात पडलेली फळे, शिंपले, लहान मासे व कीटक खातो. हेन्री सलिव्हन टॉमस यांनी भारतातील गळाच्या पारधीवर १८७३ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाने महसीरला क्रीडामत्स्य म्हणून प्रसिद्धी मिळवून दिली. महसीर कृत्रिम माशी घेतो. मात्र ट्राउटसारखा तो एकाच कीटकावर विसंबून नसतो. अळकुटासारखे पृष्ठभागाशी फिरणारे लहान मासे कीटकांवर अधिक अवलंबून असतात व बारीक माशीलाही येतात.

मे-माश्या सह्याद्रीच्या ओढ्यांत सर्वत्र आढळतात. बीटिडी, लेप्टोफ्लेबिइडी, हेप्टाजेनिइडी, सीनिडी इ. कुलांतील अर्भके खळाळत्या भागातील दगडांखाली दिसतात. परंतु उष्ण कटिबंधात त्यांचा उद्‌गम थोड्या दिवसांत एकवटत नाही; लहान पिढ्या वर्षभर थोड्याथोड्या बाहेर पडत राहतात आणि पुराच्या काळात अर्भकांची मोठी संख्या वाहून जाते. त्यामुळे टेस्ट किंवा टिसा नदीवरील हंगामासारखा हंगाम इंद्रायणीवर येत नाही. त्याच्याशी तुलना करता येईल अशी येथील घटना म्हणजे वळवाच्या किंवा मोसमी पावसाच्या पहिल्या सरींनंतर होणारे पंखधारी वाळवीचे उड्डाण. त्या संध्याकाळी वारुळांतून व जमिनीतून असंख्य कीटक एकदम निघतात, पंख गळून पाण्यात पडतात आणि मासे ते टिपण्यासाठी पृष्ठभागावर येतात. याच सुमारास अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून व भातखाचरांतून वर चढू लागतात. त्यांना कोकणात व मावळात वलगणीचे मासे म्हणतात. कीटकांची विपुलता व माशांचा प्रजननकाळ येथे जवळजवळ एकत्र येतात. म्हणून इंग्लंडमधील पारध्याचा ऐन हंगाम ज्या कारणाने येतो, त्याच कारणाने मावळात गळ आवरता घेणे योग्य ठरते. दख्खनचा महसीर पावसाळ्यातच अंडी घालतो. नितळ पाण्याचा हिवाळा हा येथील माशीच्या पारधीचा स्वाभाविक काळ होय. धरणांच्या जलाशयांत पारधीसाठी संबंधित अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते.

वलवणचा प्रयोग : धरणांमुळे महसीरचे अंडी घालण्यासाठीचे स्थलांतर अडते व बेसुमार मासेमारी, सुरुंगाचा व विषाचा वापर यांमुळे त्याची संख्या घटत गेली. यावर उपाय म्हणून टाटा वीज कंपन्यांनी १९७० नंतर लोणावळ्यास वलवण येथे महसीर उबवणी केंद्र चालविले. महाराष्ट्रातील मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांनी टॉर खुद्रीच्या प्रजननाविषयीचे निरीक्षण १९७१ मध्ये प्रसिद्ध केले व १९७८ मध्ये एस्. एन्. ओगले यांच्यासह त्याच्या कृत्रिम प्रजननाची माहिती दिली. पक्व मादीची अंडी व नराचे रेत काढून फलन घडवितात. मोठी व तळाशी बसणारी अंडी वाहत्या स्वच्छ पाण्यात ठेवतात व ती सु. तीन दिवसांत उबतात. महसीरची अंडी कार्प माशांच्या मानाने संख्येने कमी असल्याने ही काळजी महत्त्वाची ठरते. या केंद्रातून तयार झालेली बोटुकली महाराष्ट्राबरोबरच इतर राज्यांतील नद्या व जलाशय यांत सोडण्यात आली.

या यशाची दुसरी बाजू दक्षिणेत दिसून आली. कावेरी नदीत स्वतःचा वेगळा, पाठीला उंचवटा असलेला महसीर होता. १९७० नंतरच्या दशकापासून तेथे दख्खनच्या महसीरची बोटुकली सोडली गेली. पारध्यांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींच्या आधारे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, बाहेरून आलेल्या जातीचे प्रमाण वाढत गेले असून मूळची जात लोप पावण्याच्या मार्गावर आहे. ही जात टॉर रेमादेवी असल्याचे २०१८ मध्ये निश्चित झाले व तिची गणना अतिसंकटग्रस्त जातींत करण्यात आली. काश्मीरमधील ओढ्यांतही आगंतुक ट्राउटमुळे मूळच्या सायझोथोरॅक्स माशांना स्पर्धेस तोंड द्यावे लागले. एका नदीतून दुसऱ्या नदीत मासा नेणे तंत्राच्या दृष्टीने सोपे आहे. त्याचा परिणाम मागे घेणे मात्र जवळजवळ अशक्य असते. म्हणून मत्स्यबीज सोडताना ते त्याच नदीखोऱ्यातील असावे, असा आग्रह आता धरला जातो.

कीटक व नदीचे आरोग्य : मे-माश्यांची अर्भके कल्ल्यांनी श्वसन करीत असल्याने व बराच काळ पाण्यातच राहत असल्याने ऑक्सिजनाची कमतरता, गाळ व कीटकनाशके यांचा परिणाम त्यांच्यावर लवकर होतो. पाण्याचा एक नमुना घेतल्यास त्या क्षणाची स्थिती कळते. दगडाखालील कीटक मात्र गेल्या कित्येक आठवड्यांची स्थिती सांगतात. यामुळे नदीच्या जैविक परीक्षणात मे-माशी, पाषाणमाशी व कॅडिसमाशी या तीन गणांच्या जाती मोजण्याची पद्धत रूढ झाली आहे. उत्तर अमेरिकेतील ईअरी सरोवराच्या पश्चिम भागातील हेक्साजेनिया मे-माश्यांची अर्भके १९५३ मध्ये तळाजवळचा ऑक्सिजन कमी झाल्याने मोठ्या प्रमाणावर मेली. सांडपाण्यावर नियंत्रण आल्यानंतर १९९० नंतरच्या दशकात त्यांचे थवे पुन्हा दिसू लागले. नाहीसा झालेला कीटक परत येऊ शकतो, पण त्यास चार दशके लागली, हे या उदाहरणावरून दिसते.

इंद्रायणीच्या बाबतीत वरचा व खालचा प्रवाह यांत मोठा फरक आहे. देहू येथील डोहांतील मासे श्रद्धेमुळे पूर्वापार संरक्षित मानले गेले. रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या वाळणकोंड येथेही अशीच प्रथा आहे. तथापि गळ व जाळे यांपासून मिळालेले हे संरक्षण सांडपाण्यापुढे अपुरे पडते. नागरी व औद्योगिक सांडपाण्यामुळे आळंदी येथे नदीच्या पात्रावर फेस साचल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांत वारंवार घडल्या आहेत. कामशेतच्या परिसरात भातशेती, वाढती वस्ती, पर्यटन व वाळूउपसा यांचा भार नदीवर पडत असला, तरी तिला मिळणाऱ्या सह्याद्रीतील ओढ्यांत खळाळ व दगडांचा तळ अजून आहे. माशीच्या पारधीला लागणारी नदी आणि महसीरच्या प्रजननाला लागणारी नदी एकच असते : वाहती, नितळ, दगडगोट्यांच्या तळाची व भरपूर ऑक्सिजन असलेली. अशा ओढ्यातील हाताच्या पंजाएवढा दगड उलटून त्याखालील चपटी, तीन तंतूंची अर्भके पाहणे ही पारध्याची पहिली कृती असते; दगड पुन्हा होता तसा ठेवणे ही दुसरी. अर्भके आढळली नाहीत, तर तेथे माशी टाकण्यात व मत्स्यबीज सोडण्यातही फारसे स्वारस्य राहत नाही.